अक्कांचं पोतं

परवा घरात मांजराचं एक नवं पिल्लू आलं. आणणार नव्हते, पण आणलं. सरकी, म्हणजे माझी जुनी मांजर, लगेच कपाटावर जाऊन बसली आणि तिथून माझ्याकडे बघत राहिली. पिल्लाकडे नाही, माझ्याकडे. मी पिल्लाला स्वयंपाकघरात ठेवून दार लावलं, माळ्यावरची बॅग काढली आणि तिच्या तळाशी असलेला पोत्याचा तुकडा शोधला. हातभर लांब, कडा उसवलेल्या, मधोमध निळ्या शाईचा पुसट शिक्का. तो हातात घेतल्यावर मला लातूरचं ते दुकान आठवलं, आणि दुकानाच्या पायरीवर बसलेल्या अक्का.

अक्कांचं पेंड-सरकीचं दुकान होतं. म्हणजे गुरांचं खाणं: सरकी, शेंगदाण्याची पेंड, मक्याचा भरडा, कडब्याची कुट्टी. खाली दुकान, मागे त्यांच्या दोन खोल्या, आणि वर एक खोली, जी मी भाड्यानं घेतली होती. मी मूळची नांदेडची. लातुरात एका क्लाससाठी प्रश्नपत्रिका तयार करायचं काम करत होते. शिकवायचं नाही, फक्त प्रश्न काढायचे. हे काम मी मुद्दाम निवडलं होतं, कारण त्यात कुणासमोर उभं राहावं लागत नाही.

पहिल्या दिवशी मी सामान घेऊन आले तेव्हा अक्का पायरीवर पेंडेचे खडे फोडत बसल्या होत्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाचं चांदीचं करडगं, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. शेजारी एक भला मोठा गावठी कुत्रा, तांबडा, डाव्या कानाचं टोक नसलेला. त्याचं नाव बादशा.

"वरची न्हवं का?" अक्कांनी विचारलं.

मी मान हलवली.

"जा मग. बादशाकडं बगू नको. चालत जा नीट."

एवढंच. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचं तर नाहीच. भाड्याचा कागद त्यांच्या मुलानं, शिवकांतदादांनी, नांदेडहून केला होता. त्यावर माझं नाव होतं, पण अक्कांनी तो वाचला नसावा. पुढचे आठ दिवस मी त्यांच्यासाठी "मॅडमबाई" होते. जिन्यावरून उतरले की "मॅडमबाई निघाल्या" आणि परत आले की "मॅडमबाई आल्या", हे माझ्यासाठी नसून बादशासाठी असायचं. मला ते आवडलं होतं. नवीन ठिकाणी लोक विचारतात त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी बसमध्ये घोकून आले होते. त्यांतलं एकही लागलं नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी मी दार उघडलं तर बादशा माझ्या उंबऱ्याला पाठ लावून झोपला होता. मला बाहेर पडता येईना. मी वरूनच हाक मारली, "अक्का, हा इथं झोपलाय." अक्का जिन्याखाली आल्या, वर बघितलं, आणि पहिल्यांदा हसल्या.

"नाव काय गं तुजं?"

नंतर मला कळलं की ही त्यांची रीतच होती. घरात नवं कुणी आलं की जुन्यानं त्याला पत्करेपर्यंत त्याला नाव नाही. माहेरी देवणीला त्यांच्या वडिलांची दावण मोठी होती. नवी गाय आली की तिला पहिले आठ दिवस नुसतं "ती" म्हणायचे. दावणीतल्या थोरल्या गाईनं तिच्या शेजारी उभं राहून चारा खाल्ला की मग नाव. "आपन ठिवलेलं नाव तोंडात ऱ्हातंय," अक्का म्हणायच्या. "जुन्यानं ठिवलं की घरात ऱ्हातंय."

दुकानात येणाऱ्या माणसांपेक्षा त्यांच्या जनावरांची चौकशी आधी व्हायची. "म्हैस काय म्हनायली?" असं विचारल्यावर गिऱ्हाईक म्हशीचं सांगायचं, मग सहज बोलता बोलता घरच्यांचं. एका रविवारी मी खाली पेपर वाचत बसले होते. रेणापूरचे एक शेतकरी आले. चेहरा परेशान. त्यांनी आठवड्यापूर्वी दुसरी म्हैस आणली होती आणि जुनीनं तिला शिंगानं खरचटवलं होतं, शिवाय ती दूध चोरायला, म्हणजे पान्हा आवरून धरायला लागली होती.

"नवी आली तवा जुनी कुटं हुती?" अक्कांनी विचारलं.

"तितंच की. समोर बांधलेली."

"आन् नवीला काय केलाव?"

"काय म्हंजे? रीतीपरमानं. पायावर पानी घातलं, हळद-कुंकू लावलं, वोवाळलं. मंडळीनं पुरनाची पोळी खाऊ घातली."

"जुनीला?"

ते गृहस्थ डोकं खाजवायला लागले.

"जुनीला कडबा," अक्काच म्हणाल्या. "आसं करा. उद्या तुमच्या मंडळीला सांगा, शेजाऱ्याला हार घाल, पोळी वाढ, आन् तुमाला म्होरं बसवून शिळी भाकर दे. मंग मला येऊन सांगा कसं वाटलं."

दुकानातले सगळे हसले. ते गृहस्थही हसले, पण उशिरा. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी त्यांना अर्धा तास बसवून घेतलं आणि सगळं समजावलं: नवी मागच्या दारानं आणायची, गाजावाजा नाही. ओवाळायचं ताट केलं तर आधी जुनीसमोर. वैरण आधी जुनीला, पाणी आधी जुनीला, हातही आधी जुनीच्या पाठीवर. आणि जुनीच्या अंगाखालचा पाचोळा काढून नवीच्या अंगाखाली, नवीचा जुनीखाली.

"मानूस तोंड बगून वळखतंय. जनावर वासानं वळखतंय. आदी वास जाऊ द्या घरात, मंग अंग."

या वाक्याचा अर्थ मला कळला तो सरकी आली तेव्हा. ती एका टेम्पोतून सरकीच्या पोत्यांबरोबर आली होती, तळहाताएवढी, धुळीनं राखाडी झालेली. माल उतरवणाऱ्यांनी तिला बाजूला ठेवलं आणि बादशा उभा राहिला. बादशानं आजवर दुसऱ्या कुत्र्याला दुकानाची पायरी चढू दिली नव्हती, मांजराचा तर प्रश्नच नव्हता. मी काय करतेय हे कळायच्या आत तिला ओढणीत उचलून वर पळाले होते.

थोड्या वेळानं अक्का जिना चढून आल्या. गुडघे दुखायचे म्हणून त्या जिना सहसा चढत नसत. हातात एक रिकामं पोतं आणि कात्री. त्यांनी पोत्याचे दोन तुकडे कापले, एक पिल्लाखाली अंथरला, एक खाली बादशाखाली. तीन दिवसांनी अदलाबदल. बादशाच्या जेवणाचं ताट पिल्लाच्या तुकड्यावर. पहिल्या दिवशी त्यानं ताट नाकानं ढकलून फरशीवर नेलं आणि तिथं खाल्लं. दुसऱ्या दिवशी तुकडा हुंगून मग ढकललं. पाचव्या दिवशी ढकललं नाही. मी रोज कामावरून आले की अक्का हे सगळं मला निकाल सांगावा तसं सांगायच्या. दोन आठवड्यांनी पिल्लू खाली उतरलं तेव्हा बादशानं फक्त डोकं उचललं, परत ठेवलं. अक्का म्हणाल्या, "सरकीतनं आली, सरकीच म्हन."

अक्कांचे गुडघे त्या वर्षी फारच बिघडले. शिवकांतदादा दर महिन्याला येऊन सांगत होते, अव्वा, आता चल. ते त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे, बाकी सगळा बाजार अक्का. शेवटी दुकान भाच्याला चालवायला द्यायचं आणि अक्कांनी नांदेडला जायचं असं ठरलं. अडचण एकच होती. दादांच्या घरी कुकी होती. कुकी म्हणजे त्यांच्या मुलीची, ईश्वरीची कुत्री. पांढरी, केसाळ, वजनानं बादशाच्या डोक्याएवढी, आणि त्या घराची मालकीण.

दादा दुकानात खुर्चीवर बसून स्पष्ट बोलले. "अव्वा, आपण बघू. पण एकदा जरी कुकीला लागलं, तर बादशाला देवणीला मामाच्या शेतात सोडायचं. ईश्वरीचा लई जीव हाय तिच्यावर."

"बरं," अक्का म्हणाल्या. "मंग माजी पन बाज तितंच टाक."

"असं काय बोलायलीस?"

"सरळ बोलायले. तेरा वर्सं हाय त्यो माज्याकडं. त्यो शेतात आन् मी फ्लॅटात, आसं व्हनार न्हाई."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही बोलेन. मी सरकीकडे पाहिलं.

ते गेल्यावर अक्कांनी पोतं कापायला घेतलं. दोन तुकडे. एक बादशाखाली टाकला. मग मला विचारलं, "तू दर पंधरा दिसाला घरी जातीस न्हवं?"

अशा रीतीनं मी लातूर-नांदेड बसमध्ये बादशाचं पोतं न्यायला लागले. पहिल्या खेपेला ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर घेतलं होतं. अहमदपूर यायच्या आतच कंडक्टर माझ्या सीटपाशी थांबले.

"मॅडम, काय हाय यात? लई वास मारायलाय."

"पोतं."

"ते दिसायलंय. पोत्यात काय हाय?"

"काही नाही."

"मंग रिकाम्या पोत्याला इतकं जपायलाव?"

मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "आसंल काही देवाचं, ऱ्हाऊ द्या." त्यानंतर लोह्यापर्यंत कुणी काही विचारलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. कान तापले होते.

दादांचं घर आमच्या घरापासून फार लांब नव्हतं. दार वर्षाताईंनी, म्हणजे दादांच्या बायकोनं उघडलं. घर इतकं स्वच्छ की मी चपला काढायलाही दोन पावलं मागे गेले. कुकी त्यांच्या पायांमागून माझ्यावर भुंकत होती. मी पिशवी पुढं केली.

"हे काय?"

"अक्कांनी दिलंय. कुकीसाठी."

"काय करायचं याचं?"

इथं मी सगळं सांगायला हवं होतं. अक्कांनी मला तीनदा पाठ करून घेतलं होतं: ताटाखाली ठेवायचं, धुवायचं नाही, कुकीचा वास लागला की तोच तुकडा मला परत द्यायचा. पण वर्षाताईंनी पिशवी नाकापासून लांब धरली होती आणि मला तिथून जायचं होतं. "तिच्या ताटाखाली," एवढं म्हणून मी चहा नको म्हटलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतायच्या आधी मी तुकडा घ्यायला गेले. वर्षाताईंनी हसून एक कापडी पिशवी हातात दिली. पोत्याचा तुकडा साबणानं धुतलेला, उन्हात वाळवलेला, चौकोनी घडी घातलेला. रिकामी पिशवी परत कशी पाठवायची, म्हणून वर बेसनाच्या लाडवांचा डबा. मी "थँक्यू" म्हटलं.

अक्कांनी पायरीवर बसून तो तुकडा नाकाला लावला. मग परत लावला.

"धुतलंय."

"हो."

"चिट्टी पाटवली, तर तिनं कागद धुऊन परत केला." त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्या लाडू फोडून खायला लागल्या. अर्धा मला दिला, एक कण बादशाला. "लाडू चांगला करती. तिची चूक न्हाई गं. तू सांगितलंच न्हाईस."

मी हातातला अर्धा लाडू दोन घासांत संपवला.

"पुडच्या वेळी बस. च्या पी. सगळं सांग. तुला बोलायला येतंय, मी ऐकलंय. सरकीशी बोलत ऱ्हातीस की."

पुढच्या खेपेला मी बसले. चहा घेतला. पोत्याचं सगळं सांगितलं, रेणापूरच्या म्हशीचंही सांगितलं. वर्षाताई आधी ऐकत होत्या, मग हसल्या, मग एकदम थांबून म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटलं, ह्यांच्या आई बघायला लागल्यात की मी असलं काही घरात कसं ठेवते. म्हणून धुतलं. वास आला असता तर म्हणाल्या असत्या, सून घाणेरडी आहे."

वर्षाताईंच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण त्या आणि अक्का एका घरात कधी राहिल्या नव्हत्या. सणाला चार दिवस, तेवढंच. वर्षाताई त्यांना थेट हाक मारत नसत. "ह्यांच्या आई." समोर असल्या तर ईश्वरीला सांगायचं, "आजीला विचार, भात वाढू का."

पुढचे तीन महिने तुकडे जात-येत राहिले. बसमध्ये आता मी दोन पिशव्या वापरत होते. ईश्वरी मला खबर द्यायची: आज ताट ओढलं, आज नाही ओढलं, आज तुकड्यावर झोपली. अक्का ते ऐकून बोटांवर काहीतरी मोजायच्या आणि म्हणायच्या, "अजून न्हाई." एकदा दादांनी फोनवर चिडून विचारलं, कुत्र्याचं लग्न जमवायलीस का. अक्का म्हणाल्या, "तुजं जमवताना इतकं बगितलं न्हवतं. तरी बरं निगालं."

ज्या शनिवारी अक्का नांदेडला आल्या त्या दिवशी मी घरीच होते. ईश्वरी मला बोलवायला आली. अक्कांनी गाडी बिल्डिंगसमोर आणू दिली नव्हती. पलीकडे मोकळं मैदान होतं, तिथं थांबवली होती. बादशा खाली उतरून उभा होता. चार तासांच्या प्रवासानं तो थकलेला दिसत होता, पण कुकीला घेऊन ईश्वरी आली तसे त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. कुकी भुंकायला लागली. मी दादांकडे पाहिलं. त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, पळता यावं म्हणून असेल.

"समोरासमोर न्हाई," अक्का म्हणाल्या. "ईश्वरी, तोंड तिकडं कर. चाल. मी तुज्या बाजूनं चालते."

मधे दहा हात अंतर ठेवून त्या चालायला लागल्या, दोघी एकाच दिशेनं. एका हातात काठी, एका हातात बादशाची दोरी. दादा मागून सारखं वाकून बघत होते.

"त्यांच्याकडं बगू नका कुनी," अक्का मागं न वळता म्हणाल्या. "बगनारं आसलं की भांडन वाडतंय."

मग आम्ही सगळे मैदानाच्या कडेच्या बाभळींकडे बघत उभे राहिलो. शेजारून एक गृहस्थ चालले होते, ते आम्ही काय बघतोय म्हणून थांबले आणि तेही बाभळींकडे बघायला लागले. पहिल्या फेरीला कुकी भुंकत होती. दुसऱ्या फेरीला मधेमधे. तिसऱ्या फेरीला अंतर दोन हातांवर आलं होतं आणि आवाज नव्हता. मी चोरून पाहिलं. कुकी बादशाच्या मागच्या पायाशी नाक नेत होती. बादशा थांबला. अक्काही थांबल्या. तिनं नीट हुंगलं, शिंकली, आणि पुढं चालायला लागली. बादशाच्या मानेवरचे केस बसले.

"वळखलं," अक्का म्हणाल्या.

घराच्या दारात वर्षाताई उभ्या होत्या. जरीची साडी, हातात ताट, निरांजन लावलेलं, पाण्याचा तांब्या, भाकरीचा तुकडा. त्या अक्कांच्या पायावर पाणी घालायला वाकल्या तर अक्कांनी पाय मागं घेतला.

"आदी कुकीला."

वर्षाताईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, मी हे का नाही सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बहुतेक त्यांना ती म्हैस आठवली. त्यांनी कुकीसमोर ताट ओवाळलं आणि तिच्या पांढऱ्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. कुकीनं निरांजनातलं तूप चाटायचा प्रयत्न केला. ईश्वरी हसायला लागली. आधी कुकी आत गेली, मग बादशा, आणि अक्का सगळ्यांच्या शेवटी.

कुकीचं ताट आधी वाढलं. बादशाचं गॅलरीत, पोत्याच्या तुकड्यावर. त्यानं ताटाआधी तुकडा हुंगला, दोनदा गोल फिरला आणि न खाताच त्यावर आडवा झाला. अक्का दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ पदर तोंडावरच ठेवला.

त्यानंतर मी दर खेपेला त्यांच्याकडे जायचे. आता न्यायला काही नव्हतं, तरी जायचे. बादशाला आणि कुकीला काही अडचण नव्हती. दुपारी ती त्याच्या पोटाला टेकून झोपायची. पण अक्का अजून दाराजवळच्या स्टुलावरच बसायच्या. त्यांची पिशवी स्टुलाखाली. स्वयंपाकघरात गेल्या तर समोर दिसणारी मिठाची बरणीही विचारून घ्यायच्या, "मीठ कुटं ठिवतीस गं?" दुकानात सगळ्यांना उठवणारी-बसवणारी बाई जेवायला शेवटी बसायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "अक्का, आत बसा की. तुमचंच घर आहे."

"घर तिचं हाय," त्या म्हणाल्या. "घाई कशाची? जनावराला आठ दिस लागतात. मानसाला जास्ती."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्यात. मला पुण्याला दुसरं काम मिळालं होतं, तेच सांगायला गेले होते. नंतर हिवाळ्यात अक्का गेल्याचं ईश्वरीनं फोन करून सांगितलं आणि मला वेळेवर पोचता आलं नाही. उन्हाळ्यातल्या त्या दिवशी अक्का बादशाला आणि कुकीला घेऊन खाली मैदानाच्या कडेला बाभळीखाली उभ्या होत्या. पोत्याचा तुकडा मला देऊन म्हणाल्या, "ह्यो ठिव. सरकी एकटी हाय, कवातरी लागंल." मी पिशवीत घातला. आम्ही दोघी बाभळीकडे बघत राहिलो.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून वर्षाताईंची हाक आली, थेट अक्कांना.

"अव्वा, ऊन झालंय. वर या, चहा ठेवलाय."

अक्कांनी वर पाहिलं नाही. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि बादशाला म्हणाल्या, "चल." कुकी पुढं पळाली, बादशा तिच्या मागून. मी जिन्याच्या तोंडापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. अक्का पदर सारखा करत, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी चढत गेल्या. पहिल्या वळणावर त्या थांबल्या, तेव्हा वरून कुणीतरी दोन पायऱ्या उतरून आल्याचा आवाज आला.